डोकं तेच, शेपूट वेगळं

गेल्या अंकात दम्याच्या औषधांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच होता: नावं सारखी, काम सारखं, मग वागणूक इतकी वेगळी का? म्हणून या वेळचं सदर त्याच पत्रांना दिलं आहे.

प्रश्न : बाई, मी मिरजेचा. वय ५४, दमा लहानपणापासून. खिशात साल्ब्युटामॉलचा निळा पंप असतो. ओढला की पाच मिनिटांत छाती मोकळी होते. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ओढायला आणखी एक पंप दिलाय, त्यात साल्मेटेरॉल आणि स्टेरॉइड आहे. मध्यंतरी गुऱ्हाळाच्या धुराने दम लागला. निळा पंप घरी राहिला होता, म्हणून दुसरा ओढला. पंधरा मिनिटं झाली तरी काही फरक नाही. शेवटी मुलाने निळा आणून दिला तेव्हा बरं वाटलं. आमच्या साडूंच्या पंपात फॉर्मोटेरॉल आणि स्टेरॉइड आहे. तेही बारा तास चालणारंच, पण त्यांना मात्र डॉक्टरांनी दम लागल्यावर तोच पंप ओढायला सांगितलंय. ही सगळी एकाच जातीची औषधं ना?

उत्तर : आधी कामाचं. साल्मेटेरॉलचा पंप दम लागल्यावर ओढायचा नसतो. तो चुकीचा किंवा कमी ताकदीचा नाही, पण उशिरा लागू पडतो आणि दम्याच्या झटक्यात तेवढा वेळ हातात नसतो. निळा पंप घराबाहेर पडताना बरोबर हवाच. साडूंचा पंप बघून स्वतःचा बदलू नका, तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आता कारण. एकाच जातीची औषधं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिन्ही रेणू श्वासनलिकेच्या स्नायूपेशींवरच्या एकाच रिसेप्टरला, म्हणजे बाहेरचा संदेश पेशीत पोचवणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतात. त्याचं नाव बीटा-२. पण पेशीला संदेश किती लवकर मिळेल, किती जोराचा मिळेल आणि किती वेळ चालू राहील, हे रेणूच्या बारीकसारीक बांधणीवर ठरतं. या विषयावर मी आयुष्यभर बोलत आले आहे, तेव्हा थोडं सविस्तर सांगते.

वर्गात मी फळ्यावर आधी अ‍ॅड्रेनालिन काढायची. शरीर स्वतःच तयार करतं तो हा रेणू. सहा कार्बनांचं एक कडं. त्याच्यावर शेजारी-शेजारी दोन ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्या. कड्याच्या दुसऱ्या बाजूला दोन कार्बनांची छोटी साखळी, तिच्यावर आणखी एक ओएच, आणि साखळीच्या टोकाला नायट्रोजन. नायट्रोजनवर एकच कार्बन, म्हणजे मिथाइल गट. कड्याला आम्ही डोकं म्हणायचो आणि नायट्रोजनवर जे काही लटकतं त्याला शेपूट. पुढची सगळी औषधं याच चित्रात खडूने थोडं पुसून, थोडं वाढवून काढता येतात, आणि मी विद्यार्थ्यांना तसंच करायला लावायची.

शेपटीतला तो मिथाइल पुसला की उरतं नॉरअ‍ॅड्रेनालिन. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिकेवर मात्र त्याचा फारसा प्रभाव नाही. मिथाइलच्या जागी तीन कार्बनांचा आयसोप्रोपिल गट बसवला की होतं आयसोप्रेनालिन. या कृत्रिम रेणूचा श्वासनलिका सैल करण्याचा गुण हेरिबर्ट कोन्झेट यांनी १९४० मध्ये मांडला. दोनच कार्बन वाढले, पण रक्तवाहिन्या आवळण्याचं काम जवळपास गेलं आणि श्वासनलिका सैल करण्याचं काम कितीतरी पटींनी वाढलं. अमेरिकेत जॉर्जियामधल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी असेच सख्खे-चुलत रेणू वेगवेगळ्या अवयवांवर घालून पाहिले. त्यांच्या ताकदीचा क्रम काही अवयवांत एक निघाला, तर काहींत जवळपास उलटा. त्यावरून १९४८ मध्ये त्यांनी सांगितलं की शरीरात या रेणूंसाठी दोन वेगळे रिसेप्टर असले पाहिजेत, अल्फा आणि बीटा. त्यांचा हा निबंध एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला होता. आज त्याच्याशिवाय औषधशास्त्राचं पुस्तक सुरू होत नाही.

आयसोप्रेनालिनमध्ये दोन अडचणी होत्या. एक, ते हृदयावरही तितकंच काम करतं. दोन, त्याच्या डोक्यावरच्या दोन शेजारी ओएच जोड्या. शरीरात एक विकर (एन्झाइम) अशी जोडी दिसली की तिच्यातल्या एकीवर मिथाइल चढवतं आणि रेणू निकामी करतं. हे विकर ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांनी १९५० च्या दशकात शोधलं. त्यामुळे गुण लवकर ओसरायचा आणि रुग्ण पुन्हा-पुन्हा फवारा मारायचे. इंग्लंड-वेल्समध्ये १९६० च्या दशकात दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले, आणि त्याचा संबंध जास्त मात्रेच्या आयसोप्रेनालिन फवाऱ्यांशी जोडला गेला.

हार्टफर्डशरमधल्या वेअर गावी अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीत डेव्हिड जॅक यांच्या गटाने यावर जो तोडगा काढला तो मला आजही अतिशय देखणा वाटतो. डोक्यावरच्या दोन ओएचपैकी एक त्यांनी कड्यापासून एका कार्बनाने लांब नेली. बस्स, एवढंच. रिसेप्टरला ती अजूनही ओळखता येते, विकराला मात्र ती जोडी आता जोडी वाटत नाही. शेपटीत आयसोप्रोपिलऐवजी चार कार्बनांचा गुबगुबीत गट बसवला, त्यामुळे हृदयातल्या बीटा-१ पेक्षा श्वासनलिकेतल्या बीटा-२ कडे कल वाढला. हे तुमचं साल्ब्युटामॉल. १९६९ मध्ये ते बाजारात आलं. परिणाम चार ते सहा तास.

याच गटाने पुढे साल्मेटेरॉल तयार केलं. त्याचं डोकं साल्ब्युटामॉलचंच, त्यात एका अणूचाही फरक नाही. बदल फक्त शेपटीत. चार कार्बनांचा गट काढून तिथे लांबलचक साखळी जोडली: सहा कार्बन, एक ऑक्सिजन, पुन्हा चार कार्बन आणि टोकाला एक कडं. साल्ब्युटामॉलमध्ये एकूण ३८ अणू, साल्मेटेरॉलमध्ये ६७. ही शेपूट तेलकट आहे. पंपातून आलेला रेणू आधी पेशीच्या स्निग्ध पडद्यात शिरतो आणि तिथून सावकाश रिसेप्टरपर्यंत पोचतो. तुमची पंधरा मिनिटं तिथे गेली.

पण एकदा पोचला की सहजासहजी सुटत नाही. यावरचा एक जुना प्रयोग मी दर वर्षी सांगायची. गिनीपिगच्या श्वासनलिकेची पट्टी क्षाराच्या द्रावणात टांगतात. साल्मेटेरॉल घातलं की ती सैल पडते. मग बीटा-रिसेप्टर अडवणारं औषध घातलं की ती पुन्हा आवळते, म्हणजे साल्मेटेरॉलला हटवलं गेलं. आता द्रावण बदलून अडवणारं औषध धुऊन काढा. नवं साल्मेटेरॉल थेंबभरही घालायचं नाही. आणि पट्टी आपोआप पुन्हा सैल पडते! साल्ब्युटामॉलच्या बाबतीत असं होत नाही, ते धुतलं की गेलं. म्हणजे साल्मेटेरॉल कुठे गेलेलंच नव्हतं; दाव्याला बांधलेल्या वासरासारखं ते तिथल्या तिथे होतं. शेपूट रिसेप्टरच्या एका बाजूच्या जागी अडकून राहते आणि डोकं मधल्या खोबणीत पुन्हा-पुन्हा जाऊन बसतं, असं जॅक यांच्या मंडळींचं म्हणणं होतं. २०१८ मध्ये साल्मेटेरॉल चिकटलेल्या रिसेप्टरची स्फटिक-रचना आली, तिच्यात शेपूट खोबणीच्या तोंडापाशी एका वेगळ्या जागी गुंतलेली स्पष्ट दिसते. बारा तासांच्या परिणामात या जागेचा वाटा किती आणि पडद्यातल्या साठ्याचा किती, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. मला साठ्याची बाजू जास्त पटते, कारण साडूंचं फॉर्मोटेरॉल.

फॉर्मोटेरॉल जपानमधल्या यामानौची कंपनीचं. त्याच्या शेपटीला एक कडं आहे, पण ती साल्मेटेरॉलइतकी लांब नाही. रेणू मध्यम तेलकट. काही भाग पाण्यात राहून थेट रिसेप्टरवर जातो, म्हणून गुण काही मिनिटांत. उरलेला पडद्यात मुरून हळूहळू झिरपत राहतो, म्हणून बारा तास. शिवाय पेशीत उठणारा संदेश साल्मेटेरॉलपेक्षा जोरकस. त्यामुळेच फॉर्मोटेरॉल आणि स्टेरॉइड एकत्र असलेला पंप दम लागल्यावरही वापरता येतो, आणि दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१९ पासून त्याला मोठं स्थान मिळालं. त्याच सूचनांनी हेही सांगितलं की मोठ्या माणसांनी नुसत्या निळ्या पंपावर दमा काढू नये, बरोबर स्टेरॉइड हवंच. तुमच्या पंपातल्या स्टेरॉइडला घाबरून तो बंद करू नका, हे मी न विचारताही सांगते. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णांच्या नेहमीच्या उपचारांत साल्मेटेरॉलची भर घालून पाहिली; त्यांत दम्याने दगावलेले १३ निघाले, औषध नसलेला पण तसाच दिसणारा पंप घेणाऱ्या तेवढ्याच लोकांत ३. हा निकाल २००६ मध्ये छापून आला. तेव्हापासून दम्यात साल्मेटेरॉल आणि स्टेरॉइड ही जोडी फोडायची नाही हा नियम पक्का आहे.

प्रश्न : मॅडम, मी नागपूरला बी.फार्म. तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात साल्ब्युटामॉल आणि साल्मेटेरॉल ‘पार्शल अ‍ॅगोनिस्ट’ असं दिलंय, म्हणजे रिसेप्टरला चिकटून त्याला अर्धवटच चालू करणारे. रिसेप्टर एक तर चालू नाही तर बंद. अर्धवट चालू कसा असेल?

उत्तर : पुस्तकातलं चालू-बंदचं चित्र डोक्यातून काढून टाक. रिसेप्टर सतत हलत असतो. पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार गेलेली ही ४१३ अमिनो आम्लांची साखळी; सातही दांडे एकमेकांवर सरकत, वळत असतात. रेणू येऊन बसला की काही आकार जास्त वेळा घडतात, काही कमी. पूर्ण अ‍ॅगोनिस्ट रिसेप्टरला चालू आकारात जास्त वेळ ठेवतो, अंशतः अ‍ॅगोनिस्ट कमी वेळ. एकेक रिसेप्टर अर्धा पेटत नाही. असंख्य रिसेप्टरांची गोळाबेरीज कमी पडते.

ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने २००७ मध्ये या रिसेप्टरची बंद अवस्थेतली रचना काढली आणि २०११ मध्ये जी-प्रथिनासकट, म्हणजे संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनासकट, चालू अवस्थेतली. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्याबरोबर त्यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या दोन रचना शेजारी ठेवून बघ. खोबणीत रेणूचा नायट्रोजन ११३ व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टेटला धरतो. डोक्यावरच्या ओएच पाचव्या दांड्यावरच्या सेरीनांना धरतात, २०३ आणि २०७ वगैरे. त्या पकडीने पाचवा दांडा तिथे दोन अँगस्ट्रॉम आत ओढला जातो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. आणि एवढ्याशा ओढीने रिसेप्टरच्या दुसऱ्या टोकाला, पेशीच्या आतल्या बाजूला, सहावा दांडा तब्बल १४ अँगस्ट्रॉम बाहेर फेकला जातो! त्या मोकळ्या झालेल्या जागेत जी-प्रथिन शिरतं, अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे विकर जागं होतं, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू तयार होतो, कॅल्शियम उतरतं, स्नायू सैल. डोक्यावरची एक ओएच जराशी सरकवली की पहिली पकड सैल होणार, आणि पुढचं सगळं तेवढ्याच मापात कमी होणार. हे समजलं की ‘पार्शल’ शब्द घोकावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट परीक्षेला येणार नाही, पण माहीत असू दे. जी-प्रथिनाशिवाय रिसेप्टरच्या आतल्या बाजूला अरेस्टिन नावाचं प्रथिनही चिकटतं. ते संदेश थांबवतं, रिसेप्टर पेशीच्या आत ओढून नेतं आणि स्वतःचे वेगळे संदेशही पाठवतं. काही रेणू जी-प्रथिनाला जास्त बोलावतात, काही अरेस्टिनला. साल्मेटेरॉल अरेस्टिनला फार कमी बोलावतं. उलट कार्व्हेडिलॉल हे हृदयाच्या रुग्णांना देतात ते बीटा-ब्लॉकर (बीटा-रिसेप्टर अडवणारं औषध), जी-प्रथिनाला अजिबात उठवत नाही आणि तरीही अरेस्टिनची वाट थोडीशी उघडतं. एकाच खोबणीतून दोन वेगळे संदेश! मन लावून शिक. या कामात तुझ्या पिढीसाठी भरपूर शिल्लक आहे.

प्रश्न : आईला सांगलीहून न्यू जर्सीला आणलंय. तिकडे तिला लेव्होसाल्ब्युटामॉलचा पंप होता. इथल्या डॉक्टरांनी अल्ब्युटेरॉल दिलं. एकच आहे का? हात थरथरतात अशी तिची तक्रार आहे.

उत्तर : अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉलच, अमेरिकेतलं नाव वेगळं. तिथल्या पंपावर ९० मायक्रोग्रॅम लिहिलेलं दिसेल आणि आपल्याकडे १००, तरी घाबरू नका. तिथे तोंडाशी बाहेर पडतं ते मोजतात, इथे झडपेतून सुटतं ते.

लेव्होसाल्ब्युटामॉलचं थोडं वेगळं आहे. साल्ब्युटामॉल कारखान्यात तयार होतं तेव्हा त्यात दोन रूपं निम्मी-निम्मी असतात. अणू तेच, जोडणी तीच, पण साखळीवरची ओएच एकात एका बाजूला आणि दुसऱ्यात विरुद्ध बाजूला. एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. रिसेप्टरमध्ये नीट बसतं ते एकच रूप, आणि तेवढंच वेगळं काढलं की लेव्होसाल्ब्युटामॉल. म्हणून आपल्याकडे त्याच्या पंपात एका फवाऱ्याला ५० मायक्रोग्रॅम असतात. थरथर मात्र याच कामाच्या रूपामुळे होते, कारण हाताच्या स्नायूंतही बीटा-२ आहेत. त्यामुळे लेव्हो घेतल्याने थरथर जाईल अशी आशा फार धरू नका. बहुतेक रुग्णांना दोन्हींत फरक जाणवत नाही. आईंना दिवसातून किती वेळा पंप ओढावा लागतो ते मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. मला थरथरीपेक्षा त्या आकड्याची काळजी जास्त वाटते.

प्रश्न : दम लागला की आजी काळी कॉफी द्यायची. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : आहे, पण थोडंसं. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या डेरिफायलिनच्या गोळीत थिओफायलिन असतं. थिओफायलिनवर एक मिथाइल गट जादा चढवला की कॅफिन. ही मंडळी बीटा-२ ला हातच लावत नाहीत. रिसेप्टरच्या पुढे पेशीत तयार झालेलं सायक्लिक एएमपी मोडणारं विकर ती अडवतात, आणि अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टरही. त्या एका मिथाइलने श्वासनलिकेवरचा जोर बराच कमी होतो. कॉफीने श्वास थोडा सुधारतो, तो गुण काही तास टिकतोही, पण पंपाची जागा ती घेऊ शकत नाही. श्वासाची तपासणी करायची असेल तर त्याआधी कॉफी पिऊ नका, आकडे चुकतील.

प्रश्न : माझ्या बहिणीला अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं. ती दमेकरी आहे हे तिने सांगितलंच नव्हतं. औषधाच्या दुकानातल्या मुलीने पंपाचं बिल बघून गोळ्या थांबवल्या आणि डॉक्टरांना फोन करायला लावला. आयसोप्रेनालिन, प्रोप्रॅनोलॉल ही नावंसुद्धा भावंडांसारखी वाटतात. मग एक दम्यावरचं औषध आणि दुसरं दम्यात विष, असं कसं?

उत्तर : त्या मुलीचे माझ्याकडून आभार माना. तिने जीव वाचवला असेल.

ही खरंच भावंडं आहेत. वरचं आयसोप्रेनालिनचं चित्र पुन्हा डोळ्यांसमोर आणा. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एली लिली कंपनीतल्या संशोधकांनी त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही ओएच काढून तिथे क्लोरिनचे दोन अणू बसवले. त्यांना जास्त टिकणारं दम्याचं औषध हवं होतं. हाती आला तो रेणू रिसेप्टरवर जाऊन बसायचा, पण संदेश जेमतेम उठवायचा आणि अ‍ॅड्रेनालिनला जागा द्यायचा नाही. कंपनीच्या दृष्टीने काम फसलं. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत जेम्स ब्लॅक यांना मात्र नेमकं हेच हवं होतं. हृदयशूळाच्या रुग्णाच्या हृदयाला रक्त वाढवून देण्यापेक्षा त्याची मागणीच कमी करावी, असा त्यांचा विचार होता. क्लोरिनच्या जागी त्यांनी आणखी एक कडं जोडलं, ते प्रोनेथालॉल. त्याने उंदरांना गाठी झाल्या, म्हणून ते सोडावं लागलं. मग डोकं आणि साखळी यांच्यामध्ये एक ऑक्सिजन आणि एक कार्बन घातला. ते प्रोप्रॅनोलॉल, १९६४. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

प्रोप्रॅनोलॉलची शेपूट आयसोप्रेनालिनचीच आहे, साखळीवरची ओएचही तीच. त्यामुळे खोबणीत ते घट्ट बसतं. पण डोक्यावर सेरीनांना धरायला ओएच नाहीत. दांडा ओढला जात नाही, संदेश उठत नाही, आणि जागा मात्र अडलेली. निरोगी माणसाला श्वासनलिकेत हे जाणवतही नाही. दमेकऱ्याच्या नळ्या आधीच आवळायला टपलेल्या असतात, त्यांना सैल ठेवणारा संदेश तुटला की झटका येतो. आणि त्या वेळी निळा पंप ओढला तरी साल्ब्युटामॉलला बसायला जागाच नसते. धोका खरा इथे आहे.

अर्धशिशीवर दुसरी औषधं आहेत, डॉक्टर ती देतील. बहिणीला आणखी एक सांगा, कारण हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांतही याच घराण्यातला रेणू असतो. डोळ्यातून नाकात उतरून तो रक्तात जातो आणि दमेकऱ्याला एवढीशी मात्राही पुरते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातानाही दम्याचा पंप पिशवीतून काढून टेबलावर ठेवायचा.